फॅटी लिव्हर आणि लॅबमधले उंदीर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लॅबमध्ये नवीन मुलं आली की तेच तेच प्रश्न विचारतात, आणि लॅबबाहेरचे लोक पण विचारतात की तू उंदरांना जाड करतोस म्हणजे नक्की काय करतोस, तर सगळं एकदाच इथे लिहून टाकतोय. क्रम वगैरे काही लावलेला नाही, आठवले तसे प्रश्न घेतलेत.

आधी बेसिक सांगा, फॅटी लिव्हर म्हणजे नक्की काय? आणि ते नाव का बदललं?

लिव्हरच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त पेशींमध्ये चरबीचे थेंब दिसायला लागले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. बऱ्याच लोकांचं गाडं इथेच थांबतं. काहींच्या लिव्हरला पुढे सूज येते, पेशी फुग्यासारख्या फुगतात, आणि मग जखमेवर व्रण धरावा तसं आतून कडक टिश्यू जमायला लागतं, ते फायब्रोसिस. त्याच्या पुढे सिरोसिस आणि कधीकधी लिव्हरचा कॅन्सर. सूज असलेल्या टप्प्याला मेयो क्लिनिकच्या युर्गन लुडविग यांनी १९८० मध्ये नॅश असं नाव दिलं, आणि एकूण आजाराला नॅफल्ड म्हणायला लागले. जून २०२३ मध्ये नावं बदलून मॅसल्ड आणि मॅश झाली, कारण जुन्या नावात फक्त 'दारूमुळे न झालेला' एवढंच सांगितलं होतं, खरं कारण म्हणजे वजन, शुगर, कोलेस्टेरॉल हे कुठेच नव्हतं. जुने पेपर वाचताना नॅश दिसलं की मॅश समजायचं आणि पुढे जायचं. जगातल्या साधारण ३० टक्के प्रौढांना हा आजार कुठल्या ना कुठल्या टप्प्यात आहे.

मग एवढे पेशंट असताना उंदीर कशाला? माणसांवरच अभ्यास करा ना.

करतातच की. पण माणसात हा आजार दहा-वीस-तीस वर्षं हळूहळू चालतो, आणि आत काय चाललंय ते नीट बघायचं तर सुई घालून बायोप्सी करावी लागते, ती माणसाची किती वेळा करणार? आणि त्या सुईत येतो तो लिव्हरचा अगदी इवलासा तुकडा, साधारण पन्नास हजारांतला एक भाग. उंदरात काही महिन्यांत सगळा सिनेमा बघायला मिळतो, अख्खं लिव्हर हातात येतं, खाणं ग्रॅममध्ये मोजता येतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एखादं जीन बंद करून बघता येतं. माणसात 'हे आणि ते एकत्र दिसतं' इथपर्यंत पोचता येतं, 'ह्याच्यामुळे ते होतं' असं म्हणायचं तर कुठेतरी काहीतरी मुद्दाम बदलून बघावं लागतं.

सगळे तो काळा उंदीरच का वापरतात?

सी५७ब्लॅक६. कारण तो चरबीयुक्त खाणं दिलं की खरंच जाड होतो, त्याची शुगर बिघडते, लिव्हरमध्ये चरबी साठते. बाल्ब-सी किंवा ए-जे सारख्या जातींना तेच खाणं दिलं तर त्या एवढ्या जाड होत नाहीत. म्हणजे 'उंदीर' असं काही एक नसतंच, जात बदलली की आजार बदलतो.

आणि ह्या काळ्या उंदरातही 'जे' आणि 'एन' असे दोन पोटप्रकार आहेत, 'जे' मध्ये एनएनटी नावाच्या जीनमध्ये बिघाड आहे, त्याचा शुगर सांभाळण्यावर परिणाम होतो. नॉकआऊट उंदीर (एखादं जीन बंद केलेला) 'एन' वर बनवलेला आणि कंट्रोल म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, 'जे' विकत आणलेला, असं झालं की जो फरक दिसेल तो कशामुळे हे देवालाच माहीत. पेपरात नुसतं 'ब्लॅक ६' लिहिलेलं असेल तर मी तिथेच पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढतो.

कुठलं मॉडेल सगळ्यात बेस्ट?

मॉडेल म्हणजे माणसाचा आजार प्राण्यात मुद्दाम घडवून आणायची पद्धत. हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो आणि मी दरवेळी उलटा प्रश्न विचारतो, की तुला आजाराचा कुठला तुकडा बघायचाय? कारण माणसाचा आजार जसाच्या तसा होणारा उंदीर अजून कुणी बनवलेला नाही, प्रत्येक मॉडेल आजाराचा एक तुकडा दाखवतं आणि बाकीचे झाकून ठेवतं.

जाडेपणा, इन्शुलिन नीट काम न करणं आणि साधी चरबी एवढंच बघायचं असेल तर हाय फॅट डाएट पुरतं, ज्यात ६० टक्के कॅलरी चरबीतून येतात. दहा-बारा आठवड्यांत लिव्हर पिवळट, तेलकट दिसायला लागतं. पण फायब्रोसिस बघायला ह्यावर बसलात तर वर्षभरानेही हलकासाच दिसतो, तोपर्यंत तुमची फेलोशिप संपलेली असते. फायब्रोसिस पटकन हवं तर दुसरे रस्ते आहेत, पण तिथे जाडेपणा हातातून सुटतो. म्हणजे एक धरायला जावं तर दुसरं निसटतं.

२०२४ मध्ये नेचर मेटाबॉलिझममध्ये ३९ मॉडेल्सची माणसाच्या आजाराशी तुलना करून क्रमवारी लावलेला पेपर आलाय, तो नवीन माणसाने आधी वाचावा. त्यात सुद्धा वरच्या बाजूला वेस्टर्न डाएटवाली मॉडेल्सच आहेत, एका क्लिकवर मिळणारा विजेता नाही.

एमसीडी डाएटला सगळे शिव्या का घालतात? जुने पेपर तर सगळे त्याच्यावरच आहेत.

एमसीडी म्हणजे मेथिओनिन आणि कोलीन काढून टाकलेलं खाणं. कोलीनचा आणि फॅटी लिव्हरचा संबंध खूप जुना आहे, १९३० च्या दशकात टोरांटोला चार्ल्स बेस्ट (इन्शुलिनवाले बँटिंग-बेस्ट, त्यातलेच) स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांवर काम करत होते, इन्शुलिन देऊनही त्या कुत्र्यांची लिव्हर चरबीने भरायची. लेसिथिन दिल्यावर ते थांबलं आणि लेसिथिनमधली कामाची चीज कोलीन निघाली. कारण असं की लिव्हर चरबी बाहेर पाठवते ती व्हीएलडीएल नावाच्या पार्सलमध्ये भरून, त्या पार्सलचं बाहेरचं आवरण फॉस्फॅटिडिलकोलीनचं असतं, कोलीन नसेल तर आवरण नाही, आवरण नाही तर पार्सल नाही, आणि माल गोडाऊनमध्ये पडून राहतो.

त्यामुळे एमसीडीवर दोन-चार आठवड्यांत चरबी प्लस सूज, आठ-दहा आठवड्यांत फायब्रोसिस. स्वस्त आणि एकदम भरवशाचं. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर वाटतं वा, हाच तो आजार. पण पिंजऱ्यातला उंदीर बघितलात का? तो वाळून काडी झालेला असतो, २० ते ४० टक्के वजन उतरलेलं असतं, आणि इन्शुलिन छान काम करत असतं. ज्या आजाराचा पेशंट बहुतेक वेळा जाड आणि डायबेटिसच्या उंबरठ्यावर असतो त्याचं मॉडेल म्हणून उपासमार झालेला उंदीर, पटतं का तुम्हाला? वजन कमी करून काम करणाऱ्या औषधाचा तर मुख्य रस्ता इथे बघायलाच मिळत नाही.

तरी मी ते फेकून द्या म्हणणार नाही. सूज आल्यावर कुठल्या पेशी लिव्हरमध्ये घुसतात, फायब्रोसिसची सुरुवात कशी होते, एवढ्यापुरतं ते ठीक आहे. आता त्याच्या जागी सीडीएएचएफडी जास्त वापरतात, कोलीन नाही, मेथिओनिन थोडंसं ठेवलेलं, आणि चरबी ६० टक्के. वजन फारसं उतरत नाही आणि फायब्रोसिस दीड ते तीन महिन्यांत येतं. पण खऱ्या अर्थाने जाड तोही होत नाही.

वेस्टर्न डाएट, गॅन डाएट, अ‍ॅमलिन डाएट... हे एकच का वेगवेगळं?

एकाच घराण्यातले. चरबी साधारण ४० टक्के कॅलरी, फ्रुक्टोज २० टक्क्यांच्या आसपास आणि कोलेस्टेरॉल २ टक्के, असा हा मसाला. आधीच्या अ‍ॅमलिन डाएटमध्ये ट्रान्स फॅट होतं, २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली अन्न-औषधांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ट्रान्स फॅटवर गंडांतर आणलं, मग ते काढून पाम तेल घातलं आणि गॅन डाएट तयार झालं. उंदीर जाड होतो, इन्शुलिन बिघडतं, सूज येते, आणि सहा-सात महिने किंवा जास्त थांबलात तर फायब्रोसिस पण येतं. माझ्या मते आज औषध टेस्ट करायला हाच सगळ्यात प्रामाणिक रस्ता आहे, फक्त धीर पाहिजे आणि खुराकाचं बिल भरायची तयारी पाहिजे. कोलेस्टेरॉलचं २ टक्के प्रमाण माणूस जे खातो त्याच्या कितीतरी वर आहे हे मात्र कुणी मोठ्याने बोलत नाही.

एक अडचण अशी की एकाच पिंजऱ्यातले, एकाच जातीचे, एकच खाणं खाणारे उंदीर पण सारखे आजारी पडत नाहीत. काहींना भरपूर फायब्रोसिस, काहींना नावापुरतं. म्हणून शहाण्या लॅब औषध सुरू करायच्या आधी प्रत्येक उंदराची छोटी बायोप्सी करतात आणि ग्रुप समान करून घेतात.

सीसीएल४ आणि स्टॅम म्हणजे शॉर्टकट ना?

हो, शॉर्टकटच. सीसीएल४ म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड, हे सरळसरळ लिव्हरचं विष आहे. वेस्टर्न डाएट चालू ठेवून आठवड्यातून एकदा त्याचा अगदी छोटा डोस दिला तर १२ आठवड्यांत चांगलं फायब्रोसिस आणि २४ आठवड्यांत ट्यूमर, ही २०१८ ची पद्धत आता खूप ठिकाणी वापरतात. माणसाला कोणी असं विष देत नाही हा आक्षेप बरोबर आहे, पण जीन्सचा पॅटर्न माणसाच्या आजाराच्या बऱ्यापैकी जवळ जातो असं दिसलंय.

स्टॅममध्ये जन्मल्यावर दोन दिवसांनी पिल्लाला स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन इन्शुलिन बनवणाऱ्या पेशी मारतात, चार आठवड्यांनी हाय फॅट डाएट, आणि २० आठवड्यांपर्यंत कॅन्सर. ह्यात इन्शुलिन कमी असतं, पेशंटमध्ये बहुतेक वेळा उलट जास्त असतं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे.

जन्मतःच जाड असणारे उंदीर असतात म्हणे, त्यांना का नाही घेत?

ओबी-ओबी. १९४९ मध्ये अमेरिकेत जॅक्सन लॅबमध्ये हा गोलमटोल उंदीर अचानक सापडला. डग्लस कोलमन यांनी त्याचं आणि दुसऱ्या उंदराचं रक्ताभिसरण जोडून दाखवलं की ह्याच्या रक्तात भूक थांबवणारं काहीतरी कमी आहे, आणि १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या लॅबने ते 'काहीतरी' शोधलं, लेप्टिन. त्याचा चुलतभाऊ डीबी-डीबी, त्याच्यात लेप्टिन असतं पण त्याचा रिसेप्टर, म्हणजे लेप्टिनचा निरोप घेणारा पेशीवरचा भाग, बिघडलेला.

हे दोघे सतत खात राहतात आणि लिव्हर चरबीने भरतं. गंमत पुढे आहे. ओबी-ओबी मध्ये आपोआप फायब्रोसिस जवळजवळ होतच नाही, कारण फायब्रोसिस व्हायला लेप्टिनचीच मदत लागते. म्हणजे ज्या कमतरतेने आजार सुरू केला तिनेच तो अर्ध्यात अडवून ठेवला. आणि माणसात लेप्टिन नसणं फारच दुर्मिळ आहे, जाड माणसात ते उलट जास्त असतं.

माणसातलं खरं महत्त्वाचं जीन पीएनपीएलए३, त्यातला आय१४८एम हा बदल २००८ मध्ये सापडला. उंदरात ते जीन पूर्ण काढून टाकलं तर फॅटी लिव्हर होतच नाही! लोकांनी डोकं धरलं. मग नेमका माणसातला बदल उंदरात घातला आणि साखरेचं खाणं दिलं, तेव्हा कुठे चरबी साठली. जीन बंद पडल्याने आजार होत नव्हता, बिघडलेलं प्रोटीन चरबीच्या थेंबावर जाऊन बसल्याने होत होता. ह्या एका भानगडीतून मॉडेल्सबद्दल जेवढं शिकायला मिळालं तेवढं दहा रिव्ह्यू वाचून मिळत नाही.

फक्त उंदीरच का? दुसरे प्राणी?

आहेत ना. रॅट (आकाराने मोठा उंदीर, वर सगळीकडे बोलतोय तो छोटा, माऊस) बरेच वापरतात. हॅमस्टर आणि गिनीपिगमध्ये कोलेस्टेरॉल माणसासारखं बऱ्याच प्रमाणात एलडीएलमध्ये ('वाईट' कोलेस्टेरॉल म्हणतात ते) फिरतं. झेब्राफिशची पिल्लं पारदर्शक असतात, चरबीचा रंग टाकला की जिवंत माशात लिव्हर दिसतं, शेकडो रसायनं पटापट तपासायला मस्त. ओसाबॉ नावाची डुकरं आहेत, अमेरिकेतल्या जॉर्जियाजवळच्या बेटावर पिढ्यान्‌पिढ्या सुकाळ-दुष्काळात जगलेली, त्यामुळे चरबी साठवण्यात पटाईत, आणि त्यांच्यात मॅशसारखा आजार होतो. माकडं माणसाच्या सगळ्यात जवळ, पण खर्च, वेळ आणि नैतिक प्रश्न तिन्ही डोंगराएवढे.

मला वैयक्तिक आवडतात ते लांब उडत जाणारे पक्षी. स्थलांतराच्या आधी बदकं वगैरे लिव्हरमध्ये भरपूर चरबी साठवतात आणि प्रवासात वापरून टाकतात. फॅटी लिव्हर त्यांच्यासाठी आजार नाही, पेट्रोलची टाकी आहे. ह्याच्यावर अजून कितीतरी काम व्हायला पाहिजे.

उंदरात चमत्कार करणारी औषधं माणसात का आपटतात?

सेलोनसर्टिब २०१९ मध्ये, एलाफिब्रॅनॉर २०२० मध्ये, सेनिक्रिव्हिरॉक २०२१ मध्ये, तिघंही मोठ्या ट्रायलमध्ये पडली. तिघांचेही प्राण्यांमधले रिझल्ट झकास होते.

कारणं बरीच आहेत. उंदराचं पित्त वेगळं, त्यात म्युरिकोलिक अ‍ॅसिड असतात जी माणसात जवळपास नसतात, आणि ती एफएक्सआर नावाच्या स्विचला दाबून ठेवतात. आता त्याच स्विचवर चालणारं औषध उंदरात तपासलं तर सुरुवातच वेगळ्या जागेवरून होते. ओबेटिकोलिक अ‍ॅसिड हे तसंच औषध, माणसात फायब्रोसिसवर थोडा फायदा दिसला पण खाज सुटायची आणि एलडीएल वाढायचं, एफडीएने २०२३ मध्ये मॅशसाठी नाकारलं. उंदराचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये ('चांगलं' म्हणतात ते) असतं, मग एलडीएलचा धोका त्याच्यात दिसणार कसा? शिवाय उंदराचे सहा महिने आणि माणसाची वीस वर्षं, ह्या दोन फायब्रोसिसमध्ये कडकपणाचा पण फरक आहे, ताजं फायब्रोसिस सहज विरघळतं.

आणि एक कारण कुणाला आवडत नाही ते म्हणजे आपण स्वतः. औषध आजाराच्या पहिल्या दिवसापासून द्यायचं, मग म्हणायचं आजार कमी झाला. अहो, तो होऊच दिला नाही तुम्ही! पेशंट येतो तेव्हा आजार आधीच झालेला असतो.

यश पण आहे. रेस्मेटिरॉम मार्च २०२४ मध्ये मंजूर झालं, हे मॅशसाठीचं पहिलं औषध, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडला पण मंजुरी मिळाली. दोन्हींच्या मागे प्राण्यांवरचं भरपूर काम आहे.

नर घ्यायचे की मादी?

बहुतेक लोक नर घेतात कारण ते लवकर आजारी पडतात, इस्ट्रोजेन मादीला बराच काळ वाचवतं. पण मग अर्ध्या माणसांबद्दल बोलायचंच नाही का? शक्य असेल तर दोन्ही घ्या.

ह्यातच तापमानाचं सांगून टाकतो. लॅब साधारण २२ अंशांवर असते, आपल्याला बरं वाटतं, उंदराला थंडी वाजते. त्याला आरामाचं तापमान ३० च्या जवळ लागतं. थंडीत त्याची बरीचशी ताकद अंग गरम ठेवण्यात जाते, म्हणजे तो दिवसभर व्यायामच करत असल्यासारखा. २०१७ मध्ये दाखवलं गेलं की ३० अंशांवर ठेवल्यावर आजार जास्त जोरात होतो, आणि माद्यांमध्ये पण होतो. आणि हो, उंदीर एकमेकांची विष्ठा खातात, त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांचे आतड्यातले जंतू सारखे होतात. एक ग्रुप एकाच पिंजऱ्यात ठेवलात तर तुम्ही औषधाचा फरक मोजताय का पिंजऱ्याचा, सांगता येणार नाही.

कंट्रोलला साधा खुराक दिला तर चालतो का?

नाही चालत. साध्या खुराकात धान्य, तंतू, काय काय असतं, आणि हाय फॅट डाएट शुद्ध घटकांपासून बनवलेलं असतं. त्याच घटकांचं कमी चरबीवालं खाणं घ्या.

लिव्हर काढल्यावर नक्की काय बघता?

चरबीला ०-३, सूजेला ०-३, फुगलेल्या पेशींना ०-२, असे एकूण ८ पैकी मार्क, हा एनएएस स्कोअर, २००५ चा. फायब्रोसिसचे मार्क वेगळे. स्कोअर माणसासाठी बनवलेला आहे आणि उंदरात पेशी फुगलेल्या नीट दिसतच नाहीत, त्यामुळे तिथे ओढूनताणून मार्क देणारे पुष्कळ. कोलॅजेनसाठी, म्हणजे फायब्रोसिसमधल्या धाग्यांसाठी, सिरियस रेड नावाचा रंग. चरबीसाठी ऑइल रेड ओ, पण तो गोठवलेल्या तुकड्यावर, पॅराफिनमध्ये (मेणात) घातलंत तर चरबी धुऊन जाते आणि पांढरी भोकं उरतात. स्लाईड बघणाऱ्याला कुठला ग्रुप कुठला ते कळता कामा नये.

माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत मी सगळ्या उंदरांना रात्रभर उपाशी ठेवलं, माणसाची रक्ततपासणी उपाशीपोटी करतात तसं डोक्यात होतं. सकाळी कंट्रोलची लिव्हर पण चरबीने भरलेली. उंदीर रात्री खाणारा प्राणी, रात्रभर उपाशी ठेवला की अंगावरची चरबी वितळून सरळ लिव्हरमध्ये येऊन बसते, वजन पण चांगलंच उतरतं. चार महिन्यांचं काम एका रात्रीत गेलं. आता सकाळी चार-पाच तास, बस.

उंदराचा डोस माणसाला कसा लावायचा?

किलोला किलो अजिबात नाही. ढोबळ हिशोब म्हणजे उंदराचा मिलिग्रॅम प्रति किलो डोस भागिले १२.३. हा फक्त अंदाज आहे, घरी कुणी करून बघू नये. उंदरात काम केलेली सप्लिमेंट स्वतः खायचा विचार असेल तर आधी हा भागाकार करून बघा आणि मग डॉक्टरशी बोला.

प्राण्यांना त्रास होतो त्याचं काय?

होतो. नाही म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन तत्त्वं मांडली, प्राण्याशिवाय होत असेल तर प्राणी नको, लागलेच तर कमीत कमी, आणि त्रास कमीत कमी. एथिक्स कमिटी ह्याच्यावरच तुमचा प्रपोजल तपासते. मला वाटतं ह्यातला सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे चुकीचं मॉडेल निवडणं, कारण मग पन्नास जीव गेले आणि उत्तर पण मिळालं नाही.

चिपवरचं लिव्हर, ऑर्गनॉइड वगैरे आलंय ना आता?

आलंय आणि चांगलं आहे. हे म्हणजे लॅबमध्ये पेशींपासून वाढवलेले लिव्हरचे छोटे नमुने. माणसाच्याच पेशी असतात त्यामुळे पित्ताची, जीन्सची भानगड राहत नाही. पीएनपीएलए३ चा बदल असलेल्या माणसाच्या पेशींवर सरळ औषध टाकून बघता येतं. ऑपरेशनमध्ये काढलेल्या लिव्हरच्या पातळ चकत्या काही दिवस जिवंत ठेवता येतात. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये कायदा बदलला, नवीन औषधासाठी प्राण्यांवर टेस्ट केलीच पाहिजे ही सक्ती गेली. पण डिशमधल्या लिव्हरला पोटावरची चरबी नाही, आतडं नाही, भूक नाही, आणि हा आजार तर ह्या सगळ्यांच्या भांडणातून होतो. म्हणून अजून काही वर्षं दोन्ही बरोबरच चालणार.

आजारी उंदीर परत नॉर्मल होतो का?

होतो, आणि पटकन होतो. हाय फॅट डाएट बंद करून साधं खाणं दिलं की काही आठवड्यांत लिव्हरमधली चरबी उतरते. सीसीएल४ थांबवलं की फायब्रोसिस पण आपोआप कमी व्हायला लागतं. म्हणून औषध सुरू केल्यावर खाणं बदलायचं नाही, आजार करणारं डाएट शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवायचं, आणि औषध न दिलेला ग्रुप पण शेवटपर्यंत तेच खात राहिला पाहिजे. मी असे पेपर बघितलेत ज्यात औषधाबरोबर खाणं पण बदललं होतं आणि सगळं श्रेय औषधाला दिलं होतं. मेथड्सचा तो पॅराग्राफ बारीक अक्षरात शेवटी कुठेतरी असतो, आधी तिथे जा.